मंगळवारचं मैदान

कॉलेजात मुलींचा फुटबॉल संघ निघाला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग त्यांना ग्रंथालयामागची जागा दिली. एका अंगाला खिडक्या, दुसऱ्या अंगाला प्राचार्यांनी हौसेनं लावलेली वांगी. चेंडू उंच मारावा तर काच जायची, खालून मारावा तर वांगं. त्यामुळे मुली चेंडू अडवण्यात पटाईत झाल्या, मारण्याच्या नावानं मात्र आनंदच होता.

सरोजिनीबाई त्यांना शिकवत. त्यांची सगळी नोकरी लेझीम आणि रिंगटेनिसवर झालेली. फुटबॉल त्या नियमांच्या पुस्तकावरनं शिकल्या, तीनदा वाचून. डिसेंबरात पुण्याला मुलींचे सामने होते, आणि तिथं वांगी नसणार हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

खरं मैदान पुरुष संघाकडे, रोज चार ते सहा. त्यांचे प्रशिक्षक माधवराव सांगत, की पानशेत फुटलं त्या वर्षापासून ही वेळ ठरलेली आहे. जणू धरणानंच ती ठरवून दिली होती. मुलींनी सहानंतर यावं, म्हणाले. आता बेगडेवाडीच्या मुलींची गाडी साडेपाचाला. ती चुकली की बापानं कॉलेजच बंद केलं असतं, मग फुटबॉल कुठला? मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते पाच, एवढंच बाईंचं मागणं होतं.

एकदा चहा पिता पिता माधवराव चेष्टेनं बोलून गेले, की आमच्या पोरांवर एक गोल करून दाखवा, मैदान तुमचं. बाईंनी कप खाली ठेवला, त्यांना प्राचार्यांच्या खोलीत नेलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

सामना अर्ध्या तासाचा ठरला. शिट्टी माधवरावांकडेच. पहिली दहा मिनिटं मुलगे मुलींपासून असे अंग चोरून पळत होते, जणू ओला रंग लावलेल्या भिंतीच त्या. मग भीड चेपली आणि चेंडू मुलींच्याच गोलासमोर मुक्कामाला आला. मुली अडवत राहिल्या. बाईंनी रुमालाला एवढा पीळ दिला, की त्याची वात झाली.

शेवटची तीन मिनिटं उरली असताना चेंडू चिमाच्या पायात आला. चिमा परंदवडीची, सोमाटण्यावरनं कॉलेजला चालत यायची, पायात दम भरपूर. ती निघाली ती थेट बजरंगसमोर. बजरंग मुलांचा फुलबॅक, तोही परंदवडीचा. वर्षभरात त्याला चुकवून कुणी पुढं गेलं नव्हतं. त्यानं पाय घातला. चेंडू हुकला आणि लाथ चिमाच्या नडगीवर बसली.

आता बजरंग वयानं एक वर्ष थोरला असला तरी चिमा त्याच्या आईची चुलतबहीण. म्हणजे मावशी. मावशीला पाय लागला. तो जागच्या जागी थांबला, वाकला, तिच्या पायाला हात लावून कपाळाला नेला. चिमाही क्षणभर उभी राहिली. नमस्कार अर्धा टाकून कोण जातं? माधवरावांनी शिट्टी तोंडातून काढली, आणि गोलरक्षक मुलगा तर हात खाली सोडून कौतुकानं बघत होता. मग नमस्कार झाला, चिमानं त्याच्या बाजूनं चेंडू पुढं काढला आणि जाळ्यात मारला.

मुलग्यांनी गलका केला. खेळ थांबला होता, हा गोल नव्हेच. बाई शांतपणे मैदानात गेल्या.

"माधवराव, शिट्टी वाजली का?"

"अहो, पण तो नमस्कार करत होता."

"पुस्तकात नमस्काराला खेळ थांबत नाही. तीनदा वाचलंय मी."

हे म्हणाल्या खऱ्या, पण आतून त्यांना थोडं चोरट्यासारखं वाटलं. असला गोल घ्यावा का? त्यांनी चिमाला बाजूला घेऊन विचारलं.

चिमा म्हणाली, "त्यानं पाया पडायचं ते केलं, म्या मनात आशीर्वाद दिला. तवर चेंडू हितंच व्हता बाई. त्याला कोन न्हाई म्हनलं व्हतं उठून घ्यायला?"

माधवरावांनी बजरंगला विचारलं, तुझी तक्रार आहे का. बजरंग गुडघ्यावरची माती झाडत राहिला.

"मावशीवर तक्रार, सर? मला घरी जेवायला जायचंय."

यावर मुलगेसुद्धा हसले, आणि हसलेल्यांना पुन्हा भांडता येईना. माधवरावांनी गोल दिला. वर तणतणत सांगितलं, की पुढच्या वेळी दोन्हीकडं नातेवाईक चालणार नाहीत. बाई म्हणाल्या, मग आपल्या मावळात नात्याबाहेरची अकरा माणसं जमवून दाखवा.

मंगळवारी चारला मुली मैदानात उतरल्या. माधवराव नुसतं बघायला म्हणून कडेला दगडावर बसले. पाच मिनिटांत उभे राहिले, दहाव्या मिनिटाला ओरडू लागले: मोकळ्या जागेत पळ, चेंडूकडं नको. बाईंनी ओरडू दिलं. पाचला बाईंनी शिट्टी वाजवली तेव्हा माधवरावच चिडले.

"दोन मिनिटं थांबा की. चिमाच्या डाव्या पायाचा फटका अजून सुधारलेला नाही."

बाईंनी घड्याळ पाहिलं, साडेपाचच्या गाडीचा हिशेब केला आणि चेंडू परत आत टाकला.