दहाचा पाना

दहाचा पाना नटावर बसवून तिनं मनगटाला झटका दिला. नट सैल झाला. बॅटरीची काळी केबल उचलून तिनं बाजूला वाकवली आणि बॉनेट आवाज न करता खाली टेकवलं. पाना पर्समध्ये, डबा पिशवीत, मग धावत बस. तीन आठवडे हेच चाललं होतं, आणि कारखान्यात दिवसभर शिलाई मशीनवर वाकून तिची पाठ आधीच मोडकळीला आली होती.

हा उद्योग सासऱ्यांसाठी. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस. नव्या सुनेला बॉनेटपाशी उभं करून त्यांनीच शिकवलं होतं, "आधी काळी सोडायची, मग लाल. आणि सुटलेल्या टोकाला फडकं गुंडाळायचं, नाहीतर ते परत जाऊन चिकटतं." पण गेल्या महिन्यात रोजच्या वळणावर ते रस्ता विसरले आणि गाडी शाळेच्या कुंपणात गेली. मुलं वर्गात होती म्हणून निभावलं. परगावी नोकरी करणाऱ्या नवऱ्यानं फोनवरून फर्मान काढलं, "किल्ली लपव." तिनं लपवली. सासरे दोन दिवस जेवले नाहीत, तेव्हा मुकाट्यानं परत दिली. सांगणारा सांगून मोकळा, निस्तरायचं तिनंच.

रोज दहाला सासरे इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसतात, किल्ली फिरवतात आणि थोड्या वेळानं उतरून घरात जातात, असं शेजारीण सांगायची. संध्याकाळी तिनं गुपचूप केबल जोडली की गाडी एका हाकेला ओ देई. मग ती शेजारच्या सीटवर बसे आणि सासरे पाच मिनिटं नुसतं इंजिन ऐकत.

"सकाळी रुसते बिचारी," ते म्हणत.

"जुनी झालीय, बाबा."

बॉनेट उघडून बघावं हेही आता यांना सुचत नाही, या विचारानं तिला हायसं वाटे, आणि त्याच विचारानं वाईटही.

त्या दिवशी दूध उतू गेलं, शेगडी पुसण्यात बस चुकायची वेळ आली. अकराच्या सुमाराला चष्म्यासाठी पर्समध्ये हात घातला, तर पाना नव्हता. तो ओट्यावर राहिला होता. म्हणजे केबल जागेवर होती.

तिनं घरी फोन लावला. तो वाजतच राहिला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती निघाली आणि बसच्या खिडकीतून प्रत्येक चौकात माणसांचा घोळका दिसतोय का ते बघत राहिली.

फाटक बंद होतं. गाडी जागेवर होती. सासरे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून आत बसले होते.

"आज लवकर?" त्यांनी विचारलं.

"बरं वाटत नव्हतं. गाडी... चालू नाही झाली?"

"नाही गं, सूनबाई."

तिनं बॉनेट उघडलं. काळी केबल सुटलेली होती. तिच्या टोकाला एक पिवळं फडकं घट्ट गुंडाळून वर गाठ मारली होती. इतक्या दिवसांत फडक्याचं तिला एकदाही आठवलं नव्हतं. उघड्या बॉनेटच्या आडोशाला ती तशीच उभी राहिली. डोळे भरून आले, पण तिनं ते पुसले नाहीत.

दार उघडल्याचा आवाज आला. सासरे सावकाश पुढे आले. शर्टाच्या खिशातून पाना काढून त्यांनी तो पँटवर पुसला आणि तिच्या हातात दिला.

"ओट्यावर राहिला होता."

तिनं पाना मुठीत धरला.

"आणि फडकं गुंडाळत जा. रोज सांगीन म्हणतो, राहून जातं."

त्यांनी बॉनेट खाली केलं, नीट बसलं का ते तळव्यानं दाबून पाहिलं. गाडीची किल्ली मात्र त्यांनी आपल्याच खिशात टाकली आणि ते घरात गेले.