चतुःसीमेतले शेजारी

घर घेताना माणूस अर्धा होतो, असं कोमलला सगळ्यांनी बजावलं होतं. तिच्या मात्र केसालाही धक्का लागला नाही. त्याचं श्रेय सार्थक या एजंटचं. तळेगावातल्या त्याच्या ऑफिसच्या दारावर पाटीच होती, ‘ताण आमचा, घर तुमचं’. बँक, वकील, मोजणी, नोंदणी, सगळीकडे तोच पळायचा. कोमलने फक्त तो बोट ठेवील तिथे सही करायची. कारखान्यातल्या पाळ्या सांभाळून वडिलांकडे बघणाऱ्या मुलीला आणखी काय हवं!

घर हवं होतं ते वडिलांसाठीच. आबा, म्हणजे हनुमंत, रेल्वेत गँगमन होते, सगळा जन्म क्वार्टरमध्ये गेला. निवृत्तीनंतर भाड्याची घरं, आणि दर अकरा महिन्यांनी करार संपला की बिऱ्हाड पाठीवर. चौथ्या घरात त्यांना संडास सापडेना. पाचव्या घरात एका सकाळी त्यांनी कोमललाच विचारलं, ‘‘आपुन कुणाकडं आलोय?’’ आता यांची जागा बदलू नका, डॉक्टर म्हणाले. कोमल त्या दिवशी इतकी घाबरली की संध्याकाळीच ती सार्थकच्या ऑफिसात जाऊन बसली.

सार्थकने भाजे गावातलं धोंडिबाचं दोन खोल्यांचं घर काढलं. समोर अंगण, दक्षिणेला ओढा, पश्चिमेला रस्ता. पूर्वेला आणि उत्तरेला शनिवार-रविवारी उघडणारे दोन बंगले, तेही उघडले तर.

ताबा घ्यायच्या दिवशी धोंडिबा हटून बसला. ‘‘चतुःसीमा जाग्यावर वाचायची,’’ तो म्हणाला. ‘‘चारी बाजूंचं शेजारी बांधावर उभं करायचं. नाव घेतल्यावर जो ओ दील त्योच शेजारी. आमच्यात असंच हाय.’’

सार्थकने घड्याळ पाहिलं. ‘‘भाऊ, चतुःसीमा खरेदीखतात आलीय की. तुमच्या जुन्या खतावरून जशीच्या तशी उतरवलीय. मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका.’’

कोमलने घेतलं नाही, आणि चतुःसीमा जागेवर वाचायची राहिली. इथेच सगळं फिस्कटलं, पण ते कळायला महिना जावा लागला.

तो महिना मात्र सोन्यासारखा गेला. आबांना घर लगेच ओळखीचं झालं. संडास सापडला, झोप लागायला लागली, ते चक्क गालात हसायला लागले. मग एका दुपारी अंगणात खुर्ची टाकून बसलेले आबा अचानक ‘‘ओऽ’’ म्हणाले. कोमल स्वयंपाकघरातून बाहेर आली. कोणीच नव्हतं. पूर्वेच्या बंगल्याला कुलूप होतं.

‘‘कुणाला ओ दिलीत, आबा?’’

‘‘मुक्ताबाईला. च्या झाला का इचारती.’’

कोमलच्या अंगावर काटा आला. लहानपणी आबांनीच तिला शिकवलं होतं की पहिल्या हाकेला ओ देऊ नये. मेलेलं माणूस दोनदाच हाक मारतं, तिसरी हाक जित्याची. तेच आबा आता पहिल्याच हाकेला ओ देत होते. दोन दिवसांनी उत्तरेकडे बघून त्यांनी ‘‘जेवलो, अंबाजी’’ असंही सांगितलं.

तिने कपाटातलं खत काढलं. सही केल्यापासून ती ते आज पहिल्यांदा वाचत होती. पूर्वेस मुक्ताबाई यांचे शेत. उत्तरेस अंबाजी यांची पडीक जमीन.

ती तशीच धोंडिबाकडे गेली. त्याने पानाची चंची बाजूला ठेवली.

‘‘मुक्ताबाईला जाऊन पंचवीस वरसं झाली. अंबाजी माज्या लग्नाआदी गेला. म्या म्हनत हुतो, जाग्यावर वाचा. जित्यांनी ओ दिली असती, तर नावं बदलली असती. आता तुमीच कागदावर त्यांला शेजारी केलंया, ती शेजारधर्म पाळत्यात.’’

‘‘काही करतील का आबांना?’’

‘‘वाईट न्हाई करायची. लय भली मानसं हुती. फकस्त बसायला बोलावलं, तर जाऊ देऊ नका.’’

कोमल घरी आली तेव्हा आबा दाढी करत होते. ‘‘मंगळवारी दुपारी मुक्ताबाईनं बसायला बोलावलंय,’’ ते आनंदाने म्हणाले. ‘‘अंबाजी बी येनार हाय.’’

तिने सार्थकला फोन लावला. चूकदुरुस्ती लेख करता येतो, तो म्हणाला, विकणाराही सहीला लागेल, नवीन शेजाऱ्यांची नावं काढतो. पण नोंदणीची वेळ मिळाली ती मंगळवारी सकाळचीच. ‘‘अकराला सुटाल मॅडम, निश्चिंत राहा.’’

आबांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला.

‘‘त्यांची नावं काढू नगंस, कोमे. पाच घरं बदलली. जेवलास का म्हून कुटं कुणी इचारलं न्हाई.’’

कोमलला रडू आलं. सकाळी सातला ती जायची, रात्री यायची, आणि दिवसभर या माणसाशी कोण बोलत असेल हे तिने कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. तरीही ती मंगळवारी निघाली. धोंडिबा बरोबर आला आणि त्याची बायको शकुबाई आबांपाशी बसली. जाताना कोमलने फाटकाला बाहेरून कडी लावली.

कचेरीत सर्व्हर बंद होता. अकरा वाजले, बारा वाजले. सार्थक सारखा चहा आणत होता. एकला अंगठे घेतले, फोटो काढले, कागदावर शिक्का पडला. मुक्ताबाई आणि अंबाजी चतुःसीमेतून गेले.

ती घरी पोचली तेव्हा दोन वाजत आले होते. कडी जागच्या जागी होती. अंगणात आबांची खुर्ची पूर्वेकडे तोंड करून होती, आणि खुर्चीत त्यांची पाठ दिसत होती. स्वयंपाकघरात शकुबाई चहा टाकत होती. ‘‘आत्ताच हाक मारली त्यांनी, च्या ठेव म्हून,’’ ती आतूनच म्हणाली.

कोमलचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात पूर्वेच्या कुंपणापलीकडून, कुलूप लावलेल्या बंगल्याच्या बाजूने आवाज आला.

‘‘कोमे!’’

आवाज आबांचा होता. अगदी खुशीतला.

खुर्चीतली पाठ हलली नाही.

‘‘कोमे!’’

ती जिथल्या तिथे उभी राहिली. नवा कागद छातीशी धरून ती तिसऱ्या हाकेची वाट बघू लागली. इतकी वाट तिने आयुष्यात कशाचीच पाहिली नव्हती. आत कपबशा वाजल्या. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. शकुबाई चहा घेऊन दारात आली आणि तिथेच थबकली.

तिसरी हाक आली नाही.

कोमलने पूर्वेकडे तोंड केलं आणि ओ दिली.