घुगरीवाचून काढलेला फोटो

कापूस वेचताना मोहनसिंगला बोलायची सवय नव्हती. दोन्ही हातांनी बोंडं रिकामी करत तो पुढं सरकायचा, आणि शेजारच्या ओळीतून बायकोची बडबड चालू असायची, तिला नुसता हुंकार भरायचा. यंदा शेजारची ओळ लेकीनं, रूपानं धरली होती. तिच्या आईला, जिवनबाईला, जाऊन सोळा दिवस झाले होते. वसमतच्या मुलींच्या शाळेतून रजा काढून रूपा तांड्यावर आली होती. शिकवायला लागल्यापासून वेचणीची सवय मोडली होती, त्यामुळं वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून निघाली होती. पाऊस लवकर आटपला होता आणि काळ्या रानाला भेगा पडू लागल्या होत्या.

ओळ संपल्यावर मोहनसिंग बांधावर टेकला. पागोटं सोडून मांडीवर घेत म्हणाला, "रूपा, तुझ्या याडीचा फोटू हाय ना तुझ्यापाशी?"

रूपा ओटीतला कापूस गाठोड्यात भरत होती. फोटो धड आला नाही, असं तिनं दोन वर्षांपूर्वीच घरी सांगून टाकलं होतं. तेच पुन्हा सांगितलं.

"कसा बी आसू दे," मोहनसिंग म्हणाला. "मला तिचं दुखण्यातलंच तोंड दिसून राहिलं. डोळे मिटले की तेच. चांगलं तोंड याद कराया बसतो, तर येतच न्हाई. जेवल्यावर दाव."

रूपा बरं म्हणाली. पण त्यानंतरच्या दोन ओळी तिनं कशा वेचल्या, ते तिचं तिला कळलं नाही.

फोटो तिच्या पिशवीतच होता, एका पुस्तकात. आणि तो चांगला आला होता.

दोन वर्षांपूर्वी वसमतला तिनं खोली घेतली, तेव्हा सोबतच्या शिक्षिकेनं, मंजुळाबाईनं, सहज विचारलं होतं की भिंतीवर आईचा फोटो का लावत नाहीस. शिरड शहापूरकडं आमची शेती आहे, एवढंच रूपानं शाळेत सांगितलेलं. तांड्याचं नाव काढलं नव्हतं. फोटो हवा होता, पण घागऱ्यातली, आरशांच्या कांचळी-चोळीतली, दंडापर्यंत हाडाचा चुडा भरलेली आई तिला भिंतीवर नको होती. म्हणून तिनं मंजुळाबाईचं नऊवारी लुगडं मागून घेतलं आणि आईला छकड्यातून चाँद पाशाच्या फोटोच्या दुकानात नेलं.

लुगडं जिवनबाई हसत हसत नेसली. मला बामनीन करून राहिली, म्हणाली. चुडा पदराखाली झाकता आला. राहिली घुगरी. केसांत गुंफलेली, दोन्ही कानांवर लोंबणारी चांदी. लग्नात ती केसांत येते आणि नवरा गेला की उतरते. मधे उतरायची नसते, हे तांड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. रूपानं ती काढायला सांगितली, तेव्हा जिवनबाईचा हात कानावर गेला आणि तिथंच राहिला.

"तुझा बापू जिता हाय, बाई."

"घटकाभराचं तर काम आहे, याडी. कोण बघायला येतंय?"

काळं फडकं बाजूला सारून चाँद पाशा मधे पडला. "राहू द्या ना, मास्तरीणबाई. चांदीनं चेहरा खुलतो."

तुम्ही तुमचं काम करा, असं रूपा त्याला तोडून बोलली. मग तिनं स्वतःच्या हातांनी घुगरी सोडवली. घाईघाईत दोन-चार केसही तुटून आले.

मग हसण्याचं सुरू झालं. चाँद पाशा आपल्या कामातला कसबी. खांदे ढिले सोडा, मां, म्हणाला. श्वास धरून ठेवू नका, पाहुणे आल्यावानी हसू नका, काचेकडं पाहू नका, माझ्याकडं पाहा. म्हैस दूध किती देते, असंही विचारून पाहिलं. मनात आलं तर देती, न्हाई तर लाथ देती, असं जिवनबाईनं उत्तर दिलं. चाँद पाशाच तेवढा हसला. तिच्या ओठांवर काही यायला लागलं, की हात उघड्या कानाकडं जायचा आणि आलेलं परत जायचं.

रूपाला घाई झाली होती. लुगडं संध्याकाळी परत करायचं होतं.

"घरी एवढी खिदळतेस, याडी. इथंच काहून तोंड आखडतेस? जरा मोकळी हस की."

जिवनबाईनं लेकीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ती हसली.

फोटो भिंतीवर लागला. किती सोज्वळ आहे हो तुमची आई, असं मंजुळाबाई म्हणाली, आणि त्या दिवशी रूपाला बरं वाटलं. ते बरं वाटणंच पुढं तिला सलू लागलं. महिन्याभरात तिनं फोटो उतरवून पुस्तकात घातला.

जेवण झालं. मोहनसिंग झोपडीपुढच्या उन्हात बसला होता. रूपानं फोटो त्याच्या हातात दिला आणि ती उभीच राहिली. त्यानं तो डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला. कानाच्या जागेवर अंगठा फिरवला.

"म्हंजे खरंच काढाया लावली त्यानं," तो म्हणाला.

त्या दिवशी घरी आल्यावर जिवनबाई आत आलीच नव्हती, त्यानं सांगितलं. दिवस मावळेपर्यंत दाराबाहेर बसली. रूपानं बांधून दिलेली घुगरी सोडून हातात धरलेली. तू आपल्या हातानं बांध, मग आत येते, म्हणाली. काढली कुनी, असं इचारलं, तर म्हणाली, फोटोवाल्यानं. चांदी चमकती, त्यानं फोटू खराब होतो.

"त्याच्या बापाची अन् माझी बैलं एका गोठ्यात बांधलेली," मोहनसिंग म्हणाला. "पर दोन सालं झाली, वसमतला त्याच्या आळीतून गेलो न्हाई. परवा भेटीला आला, तर मी पानी बी इचारलं न्हाई."

तो प्रसंग रूपानं पाहिला होता. चाँद पाशा अर्धा तास जमिनीकडं बघत बसून उठून गेला होता. बापूला दुःखानं सुचत नाही, असं तिला वाटलं होतं.

व्हय म्हटलं असतं, तर तिथंच मिटलं असतं. आईनं तशी सोयच करून ठेवली होती.

"त्यानं नाही, बापू," रूपा म्हणाली. "मीच काढायला लावली. तो नको म्हणत होता. शाळेतल्या बायकांना कळू नये, आपण तांड्यावरचे आहोत, म्हणून. मला लाज वाटायची."

मोहनसिंगनं मान वर केली नाही.

"तिला म्हाईत व्हतं? लाज वाटती म्हून?"

"व्हय."

"मंग तरी हासली," तो म्हणाला.