इंजिनिअरची भट्टी

टेंपोचं फळकं खाली पडलं तेव्हा प्रेरणाला आधी वास आला आणि मग भट्टी दिसली. हिरवीगार, अंड्याच्या आकाराची, कमरेएवढी उंच, जाडजूड चिनीमातीची. चार हमालांनी ती कशीबशी उचलून मागच्या अंगणात पेरूखाली आणून ठेवली. महांतेश त्यांच्या मागं-पुढं नाचत होता.

"जपून रं. माती हाय ती, फुटली की संपलं."

महांतेशचं लक्ष्मीपुरीत रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान. शिरोलीच्या कारखान्यांना तो माल पुरवायचा. तिथल्याच एका कारखान्यात दोन वर्षं राहिलेला जर्मन इंजिनिअर २००७च्या दिवाळीआधी मायदेशी परतला आणि जाताना ही भट्टी महांतेशला देऊन गेला. तिच्यात कोळसा घालून, झाकण लावून काहीही भाजता येतं, असं महांतेश गेला महिनाभर ज्याला-त्याला सांगत होता.

"नवी कोरी हाय," तो बायकोला म्हणाला. "त्यानं खोकंसुद्धा फोडलं नव्हतं."

"मग खोकं कुठाय?"

"टेंपोत मावंना. टाकलं तिथंच."

प्रेरणानं झाकण उचललं. आतून तुपट, कुबट वास अंगावर आला. महिनाभर न धुतलेल्या फडक्याचा असतो तसा, पण त्यात काहीतरी गोडसर. जाळीवर राखाडी केसाळ बुरशी धरली होती. झाकणाच्या आतल्या बाजूला काळा, चकचकीत थर होता. तिनं बोट लावलं, तर बोट चिकटलं. ती तडक मोरीवर गेली आणि तीनदा साबण लावून हात धुतला, तरी दुपारी जेवताना वास येतच होता.

"कारखान्यातनं तेल लावून येतंय ते. गंज धरू नये म्हणून," महांतेश म्हणाला.

मातीला गंज कसा धरेल, हे तिच्या मनात आलं. पण लग्नाला अठरा वर्षं झाली होती, आणि कुठल्या गोष्टीवर वाद घालायचा हे तिनं ठरवून टाकलं होतं.

रविवारी त्यानं भट्टी पेटवायला घेतली. वर्तमानपत्रानं बुरशी पुसली, आणि झाली साफसफाई. इंजिनिअरनं शिकवलेलं तो मोठ्यानं सांगत होता. रॉकेल अजिबात घालायचं नाही, माती ते पिते आणि मग जेवणाला तोच वास लागतो. कोळशाचा ढीग मधोमध करायचा. तेलात भिजवलेला कापूस पेटवून त्यात खुपसायचा. खालची झडप पूर्ण उघडी, झाकण दहा मिनिटं वर. निखारे लाल झाले की झाकण लावायचं आणि मग सगळी आच खालच्या आणि वरच्या झडपेवर राखायची, जितकी हवा कमी तितकी आच मंद. पहिल्या दिवशी तर आच मंदच ठेवायची.

भट्टी पेटली, यात शंका नाही. पण धूर निघाला तो पिवळट. तो वाऱ्यानं स्वयंपाकघरात शिरला तशी प्रेरणानं नाकाला पदर लावला.

महांतेशची आई मल्लव्वा देवघरात होती. सत्तरी ओलांडलेली, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब न घेणारी बाई. अंड्याचा केक कापला म्हणून एकदा ती पुतण्याच्या घरातून पानावरून उठून आली होती. या घरात कांदा-लसूण सोडून वास येईल असं काही कधी शिजलं नव्हतं.

जाळीवर कृष्णाकाठची चार मोठी वांगी आणि मक्याची कणसं ठेवली. थोड्या वेळानं महांतेशनं झाकण उचललं आणि प्रेरणानं पाहिलं. झाकणाच्या आतला काळा थर तापून सुटला होता. त्याचा एक पिवळा थेंब लोंबला, ताणला आणि वांग्यावर पडला. मग दुसरा. महांतेशनंही ते पाहिलं. त्यानं चिमट्यानं वांगं उलटं केलं.

बोलावं असं प्रेरणाला वाटलं. पण बोलायचं काय? खात्री तर काहीच नव्हती.

तिनं सालं काढली, भरीत केलं, ज्वारीच्या भाकरीबरोबर सासूला वाढलं. स्वतःच्या ताटात दही-भात घेतला.

"तू गं?" मल्लव्वानं विचारलं.

"पित्त झालंय, अव्वा."

"आज चव येगळीच हाय वांग्याला," मल्लव्वा म्हणाली आणि तिनं भरीत पुन्हा मागून घेतलं. बोटं चाटून खाल्लं. प्रेरणा भात चिवडत त्या बोटांकडे पाहत राहिली.

सकाळी राख काढायला ती अंगणात गेली. खालच्या झडपेतून लोखंडी पळीनं राख ओढली. राखेबरोबर एक काडी आली. काडी नव्हती ती. एका बाजूला गाठ असलेलं, टोकाशी काळं पडलेलं हाड होतं. पळी पुन्हा आत घातली तर आणखी दोन निघाली, आणि चुरगळलेला चांदीचा कागद, त्याला चिकटलेली करपलेली कातडी. पळी टाकून ती मोरीकडे धावली आणि तिथंच ओकली.

महांतेश चहा पीत होता. तिनं ती हाडं कागदावर घेऊन त्याच्या समोर ठेवली. त्यानं कप बाजूला सरकवला.

"कोंबडीची हायत," तो हळू म्हणाला.

"खोकं फोडलं नव्हतं ना?"

"अगं, पार्ट्या करायचा तो. एवढी भारी वस्तू, सोडायची व्हय?"

"आणि तुम्ही? तुम्ही खाल्लं तिथं?"

"दोन-चारदा. साहेबाला न्हाई कसं म्हणायचं?" त्यानं दाराकडे पाहिलं. "अव्वाला बोलू नकोस. म्हातारी धसका घेईल."

"तुमच्या खाण्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "तो थेंब पडताना तुम्ही पाहिला होता. वांगं उलटं केलंत."

तो उठला आणि अंगणात गेला. कपडे धुवायची पावडर ओतून, पाइपानं पाणी मारून त्यानं भट्टी आतून-बाहेरून घासली. मातीनं पाणी किती प्यायलं असेल याचा विचार न करता लगेच टोपलीभर कोळसा घातला, दोन्ही झडपा सताड उघडल्या. सगळं जळून जाईल, मग प्रश्नच उरणार नाही, असं त्याचं चाललं होतं. साबण आणि जुनी चरबी एकत्र जळाल्याचा जो वास सुटला, त्यानं शेजारच्या बायडाबाईनं खिडक्या लावून घेतल्या. अर्ध्या तासात आतून फटाक्यासारखा आवाज झाला आणि भट्टीला गळ्यापासून बुडापर्यंत चीर गेली.

आवाजानं मल्लव्वा बाहेर आली. "काय फुटलं?"

प्रेरणानं सांगितलं. हाडं, पार्ट्या, थेंब, सगळं.

मल्लव्वा पायरीवर बसली. गळ्यातली डबी तिनं मुठीत घट्ट धरली. ती रडली नाही, ओरडलीही नाही. मुलाकडे पाहून म्हणाली, "तुझ्या शर्टाला वास येतोय, ते मला कवाच ठावं हाय. तू खाल्लंस ते तुझं. मला का चारलंस?"

मग तिनं सुनेकडे मान वळवली.

"आन् तू काल का खाल्लं न्हाईस?"

प्रेरणाला वाटलं, पायाखालची राख आपल्याच तोंडात कुणी कोंबली. पित्ताचं पुन्हा सांगायला जीभ उचलली नाही.

"वास आला होता, अव्वा," ती म्हणाली. "मला शंका आली होती."

"मग मला का वाढलंस?"

पाच दिवस मल्लव्वानं कुणाच्या हातचं खाल्लं नाही. देवघराशेजारी स्वतःचा स्टोव्ह मांडून मूठभर भात शिजवायची. सहाव्या दिवशी ती प्रेरणाच्या हातचं जेवायला बसली. मुलाच्या पंगतीला मात्र बसली नाही.

चिरलेली भट्टी महांतेशनं गोकुळ शिरगावच्या एका मित्राला दिली. त्यानं तिला लोखंडी पट्ट्या आवळल्या म्हणे, आणि तिच्यावर रोज तंगड्या भाजतो. हे महांतेशनं हसत हसत जेवताना सांगितलं. प्रेरणानं स्वतःचं ताट उचललं आणि ती आत जाऊन जेवली.

आता पानात काहीही वाढलं, पापड असो की वांगं, मल्लव्वा घास घेण्याआधी थांबते.

"कशावर भाजलंस?"

"गॅसवर, अव्वा," प्रेरणा सांगते. खरंच सांगते. तरीही सांगताना दर वेळी तिला स्वतःच्या हातांची किळस येते.