दोन होड्या, पाच माड

मित्रांनो, मी मुरबे या मच्छीमारांच्या गावातल्या एका बर्फ कारखान्याच्या ऑफिसातला जुना टेलिफोन आहे. कधीकाळी पांढरा होतो. आता सुक्या बोंबलासारखा पिवळट पडलोय.

मला घडवलं कुठेतरी दूर, पण आवाज फुटला तो इथेच. ‘वीस लाद्या बर्फ ठेवा’पासून ‘बंदराला लागलो’पर्यंत सगळं माझ्या कानांनी ऐकलं. मासे विकणाऱ्या रंभाबाईला अक्षर येत नाही. म्हणून तिने माझा नंबरच गाण्यात ओवला:

दोन होड्या दर्यावरी, पाच माड काठी,
सात बहिणी वाट बघती एका भावासाठी...

पुढचे आकडे सांगत नाही. तुम्ही उगाच फोन लावाल! तिचा जिवल्या हे गाणं ऐकतच पाळण्यात झोपला आणि मोठा होऊन बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या झाला.

मागच्या महिन्यात बोईसरहून फोन बसवणारा नीलेश आला. त्याने माझ्या शेजारी इंटरनेटवर चालणारा काळा, तुकतुकीत फोन ठेवला. नंबरही नवा. मला भारी नवल वाटलं.

“तुझी तार कुठे जाते रे?” मी नव्या फोनला विचारलं.

“त्या लुकलुकत्या डब्यात.”

“आणि पुढे?”

“ते मलाही बघायचंय!”

एवढ्यात नीलेश म्हणाला, “भावना मॅडम, जुनी लाईन आजच बंद करायला सांगतो.”

माशांची पाटी घेऊन दारात आलेली रंभाबाई ओरडली, “थांब रे बाबा! माजा जिवल्या दर्यात हाय. परवाच यायचा होता, अजून पत्ता नाय. त्याला ह्योच नंबर पाठ हाय.”

“मावशी, नवा नंबर त्याच्या मोबाईलवर पाठवू की.”

“आन् मोबाईल पान्यात पडला तं? गानं भिजत नाय, बाला!”

हिशेब लिहिणाऱ्या भावनाने माझ्या तारेवर हात ठेवला. “जिवल्याची बोट लागेपर्यंत दोन्ही राहू देत.”

“गाण्यासाठी लाईन ठेवणारं हे पहिलंच ऑफिस!” नीलेश हसला.

दोन दिवस मी मुका. रंभाबाई येई, माझ्याकडे बघे, जाई. तिसऱ्या दुपारी मी असा खणखणलो की भावनाच्या हातातला चहा सांडला.

“आय हाय का तिकडं? मी जिवल्या. इंजिन बंद पडला. दुसऱ्या बोटीनं वढून गुजरातच्या बंदराला आनला. मोबाईल दर्यात गेला. आमी समदे बरे हाव.”

रंभाबाई धावत आली. रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाला धरला. मग म्हणाली, “मेल्या, जेवलास का?”

आठवड्याने जिवल्या घरी आला आणि माझी लाईन बंद झाली. मी आता कपाटावर असतो. खाली रंभाबाई नवा नंबर ओवीत बसते: “आठ हाताचा जाळा माजा...” काळा फोन कान देऊन ऐकतो. मीही ऐकतो.

मित्रांनो, जुनं झालेलं खुशाल बदला. फक्त तार कापण्याआधी एकदा विचारा: कुणी अजून दर्यात आहे का?