मावशीकडचे चार दिवस

मी बोलायला लागलो की घरातल्यांना वाटतं, मोटर बिघडली. तसं काही नाही. मी एक फ्रीज आहे, एका दाराचा, लाल रंगाचा, कडेकडेने गंजलेला. एरवी घरघरण्यापलीकडे मला तोंड नसतं, पण आज थोडं सांगायचं आहे.

माझा जन्म मोठ्या कारखान्यातला. पहिल्या घरी लाडात राहिलो. तिथे दोन दारांचा फ्रीज आला तसा मी जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊन पडलो. स्थळ बघायला यावं तशी माणसं यायची. दार उघडायची, वास घ्यायची, खोट काढायची आणि ‘कळवतो’ म्हणून जायची.

एक दिवस डबे भरण्याच्या कारखान्यात काम करणारी एक मुलगी आली. तिने वास घेतला नाही. आतला दिवा लागतो का, तेवढं पाहिलं. लागला, तशी स्वतःशीच हसली. पुढे कित्येक पगारांतून थोडे थोडे देत तिने मला सोडवून नेलं. तिच्या वाट्याला तोवर जे आलं ते थोरल्या बहिणीने वापरून झालेलं. मीही वापरलेलाच होतो खरा, पण निदान थोरल्या बहिणीचा नव्हतो.

तिचं लग्न झालं आणि तिच्या मागोमाग मीही सासरी आलो. सासर म्हणजे पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर. पुढे सासूबाई झोपायच्या. स्वयंपाकघरात पडदा लावला होता. पडद्याच्या एका अंगाला शेगडी, दुसऱ्या अंगाला नवं जोडपं, आणि मध्ये मी. नवरा रंगारी. दिवसभर दुसऱ्यांच्या खोल्या रंगवायचा आणि पडद्याआड आपल्या खोलीचा रंग ठरवायचा. ती खोली अजून नव्हतीच. तो म्हणायचा, फिकट पिवळा. ती म्हणायची, रंग नसला तरी चालेल, आधी आतून कडी लागणारं दार हवं.

शेजारी मावशी. सगळी गल्ली तिला मावशी म्हणते, पण तिच्या घरचं पाणी कुणी पीत नाही. ती सार्वजनिक संडास धुण्याच्या कामावर जाते, एवढंच कारण. एकटी राहते. तिला साखरेचा आजार. रोज सुई घ्यावी लागते. इन्सुलिनची बाटली गार राहावी म्हणून ती ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवते. उन्हात फडकं सारखं वाळतं, ती सारखं भिजवते. कामावर गेली की भिजवायला कुणी नसतं.

सूनबाईने आल्या आल्याच विचारलं होतं, की मावशींची बाटली आपल्या फ्रीजमध्ये ठेवू का. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “औषध झालं तरी तिच्या घरचंच ना ते.”

विषय संपला. माझं मत कुणी विचारलं नाही. माझ्या पोटात तेव्हा पाण्याच्या बाटल्या, अर्धं लिंबू आणि वाटीभर दही होतं. जागेची टंचाई नव्हती.

मग बातमी आली की गरीब कोण हे ठरवायला घरोघरी सर्वे होणार. रंगारी सभेला जाऊन आला आणि जेवताना सांगू लागला, हे काही आपल्यापुरतं नाही, साऱ्या जगात चाललंय, मोठमोठ्या देशांनी बसून ठरवलंय की काही वर्षांनी जगात गरीब म्हणून उरू द्यायचा नाही.

सासूबाई भात वाढता वाढता म्हणाल्या, “मग आम्हाला पाठवणार कुठे?”

यादीत नाव लागलं की खोली बांधायला पैसे मिळणार होते. मावशीचं औषधही त्याच यादीवर फुकट मिळायचं. पण घरात फ्रीज दिसला की नाव कटणार. झालं. गल्लीतल्या वस्तू पाहुणचाराला निघाल्या. कुणाचा टीव्ही माळ्यावर चढला, कुणाची मोटारसायकल मेव्हण्याकडे राहायला गेली. माझी पाठवणी मावशीकडे झाली. कल्पना सासूबाईंचीच. त्या म्हणाल्या, तिच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकतंय कोण? तिच्या घरची बाटली माझ्यात चालत नव्हती, आणि मी अख्खाच्या अख्खा तिच्या घरी निघालो.

मावशीने आधी माझ्यासाठी जागा केली, मग उरलेली स्वतःसाठी. दाराच्या रबरात साठलेली काळी रेघ काडीला फडकं गुंडाळून काढली. वस्तू परक्याची म्हणून आत नुसतं पाणी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सूनबाई आली आणि इन्सुलिनची बाटली आपल्या हाताने माझ्या दारातल्या खणात ठेवून गेली. ओलं फडकं दोरीवर गेलं. मावशी कामावरून आली की दार उघडायची, बाटलीला बोट लावून बघायची, गार लागली की दार लावायची. दिवसातून किती वेळा, ते मी सांगणार नाही. तिची उगाच चेष्टा होईल.

चौथ्या दिवशी सर्वेवाली मुलगी आली. गल्लीभर तिला कुणी बसा म्हटलं नव्हतं, ती लवकर गेलेलीच सगळ्यांना हवी होती. मावशीही सवयीने दारात उभी राहून उत्तरं देऊ लागली. तर ती मुलगी चपला काढून सरळ आत आली, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, “मावशी, ऊन फार आहे. घोटभर पाणी देता?”

मावशी जागीच थांबली. मडकं हाताशी होतं. त्यातलं दिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. मी कोपऱ्यात चादर पांघरून गुपचूप होतो. पण आपल्या घरी कुणीतरी आपणहून पाणी मागतंय, त्याला कोमट पाणी कसं द्यायचं? तिने चादर बाजूला केली, माझं दार उघडलं आणि ग्लासला घाम फुटेल असं गार पाणी ओतलं.

मुलगी सगळं पाणी प्यायली. मग हळूच विचारलं, “फ्रीज तुमचा?”

फ्रीज कुणाचा ते सांगणार नाही, असा सूनबाईला दिलेला शब्द होता. तेवढंच असतं तर मावशी जरा चाचरली असती. ती चाचरली नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “हो. माझाच.”

इतकी घरं फिरलो, पण असं डोक्यावर हात ठेवून मला कुणी आपलं म्हटलं नव्हतं.

यादी लागली. आमचं नाव आलं, मावशीचं गेलं. मी परत स्वयंपाकघरात आलो. दवाखान्याने मावशीला रिकाम्या हाताने पाठवलं. सूनबाईला हे नळावर कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून. उरलेली बाटली पुरावी म्हणून मावशी एक दिवसाआड सुई घेत होती. सूनबाई म्हणाली, मी जाऊन खरं सांगते. मावशीने तिचा हात धरला. नको गं, तुझी खोली व्हायची आहे, आणि मी आपल्या तोंडाने बोलले ना, माझाच म्हणून.

पडद्याआड सूनबाईने हे नवऱ्याला सांगितलं. तो कुशीवर वळला. मग म्हणाला, “फ्रीज तुझा आहे, तूच ठरव.” नवऱ्यांना अवघड प्रश्न असे उदारपणे परत करता येतात.

खोलीची जागा बघायला तीच सर्वेवाली मुलगी आली. सासूबाईंनी मला बंद करून, चादर घालून वर गाद्या रचल्या होत्या. फोटो काढून झाले, मुलगी निघाली. तेव्हा सूनबाईने एक एक गादी उतरवली आणि चादर ओढली.

“हा माझा आहे,” ती म्हणाली. “मावशींकडे पाहुणा गेला होता. आमचं नाव काढा आणि त्यांचं घाला.”

आवाज मोठा नव्हता. तिचा नसतोच.

मुलगी म्हणाली, “मग खोली नाही मिळायची, ताई.”

“माहीत आहे.”

मुलगी गेल्यावर सासूबाई पुढे आल्या. मग गाद्या पुन्हा उचलता उचलता म्हणाल्या, “खोली काय मला हवी होती? तुमच्यासाठीच चाललं होतं ना सगळं.” सूनबाईने एका गादीला हात लावला. खोली तिलाही हवीच होती. अजून हवी आहे. रिकाम्या जागेकडे बघत ती कधीकधी उभी राहते, तेव्हा मला तिच्या मनातली कडी वाजलेली ऐकू येते.

मावशीचं औषध पुन्हा सुरू झालं. गरिबी मोजणाऱ्या मोठ्या माणसांना माझं एकच सांगणं आहे. मला मोजा, माझी ना नाही. पण मोजताना एकदा माझं दार उघडून बघा. आत काय आहे ते बघा, आणि आत काय ठेवायला मनाई आहे, तेही विचारा.

कारण मावशीचं नाव यादीत चढलं, तरी तिची बाटली अजून मडक्यातच आहे. सूनबाईने लिंबू, दही सगळं खाली सरकवून माझ्या दारातला एक खण रिकामा ठेवला आहे. तोंडाने ती काही म्हणत नाही. परवा दुपारी सासूबाई दही घ्यायला आल्या आणि त्या खणासमोर दार धरून उभ्याच राहिल्या. वीज जळते म्हणून घरादाराला ओरडणाऱ्या त्या, पण दार लावायचं विसरल्या. मी दिवा लावून धरला होता.

सासूबाई, घाई नाही. हवा तेवढा वेळ उघडं ठेवा. गारवा गेला तर जाऊ दे, तो मी पुन्हा करीन.