खिळ्यावरचा नान

जे घर उंटाच्या पाठीवर चढत नाही, त्यात राहणारा माणूस नव्हे, झाड. किरगीझ मेंढपाळ तोयचुबेकचं हे ठाम मत. सपाटीवरचे उझबेक म्हणत, ज्याच्या घराला पाया नाही, त्याच्या शब्दालाही नाही. दोघं एकमेकांना लोकर आणि जर्दाळू विकत, आणि पाठ वळली की थुंकत.

त्या हिवाळ्यात वादळ असं आलं की तोयचुबेकची शिंक दाढीतच गोठली. नाइलाजानं त्यानं सपाटीवरच्या म्हाताऱ्या होसियातखालेचं दार ठोठावलं.

"ये, डोंगऱ्या. घोडा बाहेरच हं. तुमच्यात उशाशी घेतात म्हणे."

"खाला, तुमच्या शेजाऱ्यांपेक्षा स्वच्छ आहे तो."

"म्हणजे बघितलंस वाटतं त्यांना!" म्हातारी हसली, आणि पाहुण्यासाठी मटण आणायला त्याच शेजाऱ्यांकडे गेली.

भिंतीवर खिळ्याला एक नान टांगला होता. कडेचा एकच घास तोडलेला. तोयचुबेकचं डोकं फिरलं. डोंगरावर पाहुण्यापासून अन्न राखून ठेवणं म्हणजे पाप, आणि हे कंजूष ते भिंतीवर मिरवतात! त्यानं नान उतरवला. दगड परवडला, इतका कडक. चहात बुचकळून बुचकळून त्यानं तो संपवला.

म्हातारी परतली. रिकामा खिळा बघून तिनं हातातलं भांडं फार हळू खाली ठेवलं.

"माझ्या नोरबोयचा होता तो. मावळतीच्या खाऱ्या सरोवरावर मजुरीला गेलाय. निघताना एक घास खायचा, उरलेला टांगायचा. तो संपवायला माणसाला परत यावंच लागतं."

"आणि दुसऱ्यानंच खाल्ला तर?"

"इतकं भुकेलं गाढव आजवर आलं नव्हतं."

ती रडली नाही. रडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. 'हे सगळं खूळ आहे' हे शब्द ओठांवर आले, तेवढ्यात पोटात नान वळला. झोपण्याआधी कुत्रं स्वतःभोवती फिरतं तसा फिरला आणि मावळतीकडे तोंड करून बसला.

उजाडताच तोयचुबेक निघाला. उजवीकडे वळला की कळ, डावीकडे वळला की कळ. मावळतीला नाक केलं की पोट गप्प. आयुष्यभर ताऱ्यांमागून चाललेला माणूस आता एका शिळ्या नानामागून चालला होता, आणि भीतीनं नव्हे, नवलानं त्याच्या अंगावर काटा येत होता.

सरोवरावर मिठानं माखलेली माणसं. सगळी सारखीच पांढरी. एकापाशी पोट थांबलं. त्या पोरानं मान वर केली.

"चाचा, तुमच्या श्वासाला माझ्या आईच्या तंदूरचा वास कसा?"

"घरी का जात नाहीस रे?"

"रिकाम्या हातानं कसा जाऊ?"

"तुझ्या नानानं माझं पोट भरलेलं आहे. चल."

दाराशी पोचेपर्यंत वसंत लागला होता. दाढीतला बर्फ वितळला आणि ती जुनी शिंक अशी दणदणीत वाजली की जर्दाळूचा मोहोर झडला. म्हातारीनं दार उघडलं. लेकाचा चेहरा चाचपत ती कितीतरी वेळ उभीच राहिली. तोयचुबेकनं टोपी काढली. खानासमोरही त्यानं ती कधी काढली नव्हती.

तो निघताना तिनं गरम नान त्याच्यापुढे धरला.

"चाव."

"खाला, मी तर डोंगऱ्या—"

"चाव म्हणते ना!"

त्यानं घास तोडला. उरलेला नान तिनं त्याच खिळ्याला अडकवला. तोयचुबेकचे तंबू हजार माळांवर पडले नि उठले होते. पण मागे त्याची वाट बघणारं काही कुठल्याच माळावर राहिलं नव्हतं.

डोंगरावर सगळे जमले. "काय रे, कशी आहेत ती झाडं?"

तोयचुबेकनं उत्तराला तोंड उघडलं, आणि पोटातला घास हळूच खालच्या सपाटीकडे वळला.